साठला एक कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, वीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्या शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. एका बाईला गेल्या महिन्यात सांगितलं, पण तिला ते — जाऊ दे, तिच्याकडे येतेच मी. आधी तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होताना दिसत नाही.

ऐकून तुम्हाला हसू येईल कदाचित. 'एवढंच?' असंही म्हणाल. मी कुणाचं घर फोडलं नाही, कुणाची जमीन लाटली नाही. मी गणिताची बाई आहे. बेळगावच्या कडेला, हिंडलग्याच्या पुढच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही — तिचा यात काहीच दोष नाही. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, मूळ संख्या, ऋण संख्या. कडक बाई म्हणून माझी ख्याती आहे. माझ्या तासाला पोरं वहीत रेघसुद्धा पट्टीशिवाय मारत नाहीत.

आणि या कडक बाईला मराठीत आकडे येत नाहीत.

बघा, लिहिलं एकदाचं. येत नाहीत म्हणजे अगदीच येत नाहीत असं नाही. पण पटकन येत नाहीत. एकोणसत्तर म्हटलं की माझ्या डोक्यात आधी काहीच उमटत नाही. मग मी मनातल्या मनात कन्नडातून जाते, 'अरवत्तोंबत्तु' — अरवत्तु साठ, ओंबत्तु नऊ, साठ आणि नऊ — आणि मग तो आकडा दिसतो. मराठी माणूस, मराठी घर, मराठी शाळा, पगार मराठीतून गणित शिकवण्याचा, आणि मोजणं सगळं कन्नडात. पण ही काही माझी चूक नव्हे, हे मलाही कळतं. चूक पुढे आहे. मी अजून तिच्याभोवती फिरतेच आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. नोकरी गोकाकला. घराजवळ शाळा होती ती कन्नड. चौथीपर्यंत मी तिथंच शिकले. घरी मराठी, शाळेत कन्नड — लहान मुलाला यात काय अवघड? मग अण्णांची बदली कुठं आत लांबवर झाली आणि मला उचगावला मोठ्या काकांकडे ठेवलं. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. पाचवीत मराठी शाळेत नाव घातलं. भाषा येत होतीच. गोष्टी, कविता, इतिहास, काही अडलं नाही. अडलं ते आकड्यांना.

तुम्ही मराठीत मोजायला शिकला असाल तर तुम्हाला यातली गंमत कधी कळलीच नसेल. कन्नडात आकडा जसा लिहितात तसाच बोलतात. पन्नास आणि नऊ — ऐवत्तोंबत्तु. आधी पाच लिहा, मग नऊ लिहा, झालं. मराठीत त्याला म्हणायचं एकोणसाठ. त्यात पन्नास कुठं आहे? नऊ कुठं आहे? ऐकू काय येतं, तर 'एक' आणि 'साठ'. नव्या पोरानं एकसष्ट लिहिलं तर त्याला काय म्हणावं? मी स्वतः पाचवीत एकोणसाठचे एकसष्ट लिहिले होते. मास्तरांनी वही वर धरून वर्गाला दाखवली. वर्ग हसला. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर आप्पा गंभीर झाले. म्हणाले, "हे भाईर कुणाला सांगू नगंस. आमच्या घरातली पोरगी कानडीत मोजती म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

आप्पा वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. लेकीसारखं वाढवलं त्यांनी मला. पण सीमाभागात त्या पिढीला मराठी म्हणजे नुसती बोली नव्हती, आपलं म्हणावं असं हातात उरलेलं तेवढंच होतं. घरावरची पाटी, लग्नाची पत्रिका, देवळातली घोषणा, सगळ्यात त्यांचा जीव अडकलेला. मला गणिताची शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. "आमची पोरगी मराठी शाळेत गणित शिकवती" — हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. मी शेजारी उभी राहून हसत होते. आणि वाटलेले पेढे मनातल्या मनात कन्नडात मोजत होते.

मग मी युक्त्या शोधल्या. आकडे तोंडानं सांगायची वेळ आली की वर्गाच्या मॉनिटरला उभं करायचं — "तू वाच, आवाज खणखणीत पाहिजे." उदाहरण बोलायचं नाही, सरळ फळ्यावर लिहायचं. वर्गात आकडे सांगावेच लागले तर चिठ्ठीवर आकडा आणि त्याच्याखाली मराठी अक्षरात त्याचं नाव, रात्रीपासून तयारी. निकालाच्या दिवशी टक्के सांगताना 'सात-नऊ' असं सुटं सुटं म्हणायचं. हेडसर एकदा म्हणाले, "बाई, तुमची पद्धत फार शास्त्रीय आहे हो." मी मान डोलावली.

गंमत म्हणजे वर्गाबाहेर कुणाला याचं काही पडलेलं नव्हतं. बेळगावच्या बाजारात निम्मे लोक मराठीत भाव विचारतात आणि कन्नडात उत्तर ऐकतात. फोन नंबर सगळेच इंग्रजीत सांगतात. एका वाक्यात तीन भाषा आल्या तरी इथं कुणी वळून बघत नाही. पहारा होता तो फक्त माझ्या वर्गाच्या दारावर, आणि पहारेकरीण मीच.

आता रेणुका.

बावीस वर्षं झाली. जूनमध्ये सहावीच्या वर्गात ती नवी आली. तिचा बाप गवंडी, धारवाडकडच्या एका खेड्यातून कामासाठी आलेला. आमच्या भागात तेव्हा घरं वर यायला लागली होती. कन्नड शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे लांब, आणि धाकट्या दोघांना सोबत न्यायची जबाबदारी तिच्यावर, म्हणून तिला आमच्या शाळेत घातलं. अकरा वर्षांची. दोन वेण्या, पुढचा एक दात जरा वाकडा. मराठी बोलायला ती दिवाळीपर्यंत शिकली, तीही गावची, खणखणीत. आणि गणित — काय सांगू? ऋण संख्या शिकवल्या तेव्हा वर्ग आठवडाभर चाचपडत होता. उणे तीनमधून उणे पाच वजा केले की काय? रेणुकानं जमिनीवर खडूनं एक रेघ मारली, तिच्यावर आकडे मांडले आणि त्या रेघेवर पुढं-मागं उड्या मारून दाखवल्या. "हितनं मागं जायाचं, मागं जायाचंच उलटं करायचं, मग फुडं." तिला कुणी शिकवलं नव्हतं ते. मी तरी नव्हतं शिकवलं.

ती पहिल्या बाकावर बसायची, अगदी माझ्या टेबलासमोर. नवी म्हणून मीच तिला तिथं बसवलं होतं.

त्या दिवशी मूळ संख्यांचा सराव होता. एक ते शंभरमधल्या मूळ संख्या मी सांगायच्या, पोरांनी लिहायच्या, आणि मग त्यातल्या जोडमूळ संख्या शोधायच्या — ज्यांच्यात फक्त दोनचा फरक असतो अशा, अकरा-तेरा, सतरा-एकोणीस. मॉनिटर आजारी होता. आदल्या दिवशी घरी पाहुणे होते, चिठ्ठीवर नुसते आकडे लिहून आणले होते, खाली अक्षरं लिहायची राहिली होती. जपून जपून सांगत होते. तिशी-चाळिशीतल्या आकड्यांना रेणुका एव्हाना कानावर पडून पडून सरावली होती. त्रेपन्न झाले. एकोणसाठ झाले. एकसष्ट झाले. आणि तिनं हात वर केला.

"बाई, एकसष्ट दोनदा सांगिटलासा."

वर्ग हसला. मी हसले नाही. तिचं चुकलं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही बघा. माझंच चुकलं असणार, असंच वाटलं. काय म्हणाले मी? एकोणसाठ म्हणाले का एकोणसत्तर? मी चिठ्ठीकडे पाहिलं आणि मोजायला लागले. ओठ हलत होते. ऐवत्तोंबत्तु, अरवत्तु, अरवत्तोंदु —

आणि रेणुकाचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला. परक्या गावात अचानक आपलं माणूस भेटावं तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, तुमीबी कन्नडातच मोजतासा की!"

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, आनंद होता. सहा महिने तिला वाटत होतं की आपल्याच डोक्यात काहीतरी उलटं बसवलंय, आणि आता समोर चक्क बाई, फळ्याच्या मालकीण, तिच्यासारखंच मोजत होत्या. मला फक्त 'हो गं' म्हणायचं होतं. मी काय केलं?

मी म्हणाले, "मी? मला कन्नड आकडे येत नाहीत. स्वतःचं चुकलं की दुसऱ्यावर ढकलायचं, ही कुठली रीत?"

खोटं तर होतंच. पण मी तिथं थांबले नाही. तिची वही घेतली. दोन एकसष्ट एकाखाली एक. माझ्या मास्तरांनी माझी वही धरली होती तशीच मी तिची वही वर धरली — हात किती उंच धरायचा, हेसुद्धा मला आठवत होतं. म्हणाले, "बघा, आमच्या एकोणबाई. एकोण म्हणजे काय ते ह्यांना कळत नाही, आणि चालल्या मूळ संख्या शोधायला." मग एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे 'एकोण'चे आकडे अक्षरात शंभर-शंभर वेळा लिहून आणायला सांगितले.

एकोणबाई. ते नाव माझ्या तोंडून आलं, लक्षात घ्या. पोरांनी ते फक्त उचललं. मधल्या सुट्टीत एकोणबाई, पाण्याच्या टाकीपाशी एकोणबाई, तिच्या धाकट्या बहिणीला 'एकोणबाईची भन'. मी ऐकत होते. एका शब्दानं थांबवू शकले असते. उलट आठवडाभर तासाच्या सुरुवातीला मी तिला एकटीला उभी करून विचारायचे — एकोणसत्तर लिही, एकोणऐंशी लिही. का? तर वर्गाला आठवण राहावी की इथं आकडे कुणाला येत नाहीत. कुणाला, ते एकदा पक्कं झालं की दुसरीकडे कोण बघणार?

तिनं लिहून आणले सगळे. ओळीनं, नीट. फक्त पुन्हा हात वर केला नाही. फेब्रुवारीत तालुक्याची गणिताची स्पर्धा होती, तोंडी प्रश्न, तोंडी उत्तर. हेडसरांनी विचारलं, "ती नवी पोरगी, जमिनीवर रेघ मारून उड्या मारते ती, तिला पाठवू या का?" मी म्हणाले, "तिला आकडे ऐकून कळत नाहीत सर. शाळेचं हसं होईल." हेडसर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." सातवीत ती तिसऱ्या बाकावर गेली, मग शेवटच्या. पेपरात पास होण्यापुरतं लिहायची. उत्तर येत असताना गप्प बसलेलं मूल कसं दिसतं, हे शिक्षकाला कळतं. मला कळत होतं.

मी तिचं आयुष्य बिघडवलं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्यातही माझाच मोठेपणा आहे, आणि तिचं आयुष्य बिघडलेलं नाही, ते पुढे येईलच. मी एवढंच केलं — एका हुशार पोरीला पटवून दिलं की तिला आकडे कळत नाहीत. पुरेसं नाही का?

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ज्यांच्या मानासाठी लपवायचं, ते माणूसच उरलं नाही. तरी मी लपवतच राहिले.

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न ठरलं. माझ्या नेहमीच्या शिंपीणबाई मुलाकडे राहायला गेल्या, म्हणून कुणीतरी बेळगावच्या कॅम्प भागातलं एक दुकान सुचवलं. "तिचं कटिंग बघ, इकडची रेघ तिकडं होत नाही." छोटंसं दुकान, भिंतीला कागदाचे साचे टांगलेले, दोन मशीन. तिशी ओलांडलेली एक बाई, गळ्यात टेप, चष्मा केसांवर चढवलेला. मी माझ्या मापाच्या चिंतेत होते, तिच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. तिनं टेप फिरवला आणि वहीत लिहिता लिहिता स्वतःशीच बोलायला लागली. उंची चौदा. कंबर चौतीस. छाती — चाळीसला एक कमी.

मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी मला एक कमी करून दिला. विनोद करत होते. मग दुकानात आलेल्या दुसऱ्या एका बाईंचं माप लिहिता लिहिता ती म्हणाली, घेर तिसाला एक कमी. आणि मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं मान वर केली. वाकडा दात तसाच होता.

"बाई, मला वळाकलं न्हाय व्हय?"

मी काहीतरी बोलले. किती मोठी झालीस, दुकान छान आहे, असलं काहीतरी. तिनं चहा मागवला, मी तो जीभ भाजत प्याले आणि बाहेर पडले. घरी येऊन दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. कितीतरी वर्षं ही बाई मापं घेतेय. दिवसातून कितीतरी वेळा तिच्यासमोर एकोणतीस येत असतील, एकोणचाळीस येत असतील. आणि ती तो शब्द तोंडातून काढत नाही. वळसा घालून जाते.

ब्लाऊज आणायच्या दिवशी मी मुद्दाम दुपारी गेले, दुकानात कुणी नसतं तेव्हा. ती काजं करत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, बसले असते तर जमलं नसतं. म्हणाले, रेणुका, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी कन्नडातच मोजत होते. आजही मोजते. तुझं बरोबर होतं, आणि मला ते माहीत होतं. नाव मी ठेवलं. स्पर्धेला तुला मी जाऊ दिलं नाही.

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"मला म्हाईत हुतं की, बाई. तुमचं व्हट हलताना मी बघिटलं हुतं. फुडच्याच बाकावर हुते न्हवं मी."

मग कुणाला बोलली का नाहीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं खरं तर.

"तुमी लई भ्यालतासा. त्वांडावर दिसत हुतं. मला वाटलं, कुणाला कळलं तर तुमची नोकरी जाईल. म्हणून आईलाबी सांगिटलं न्हाय."

अकरा वर्षांची होती ती. मी तिला रोज वर्गासमोर उभी करत होते, आणि ती माझी नोकरी सांभाळत होती.

मी रडले. त्याचं कौतुक सांगत नाही, रडणं सोपंच असतं. तिनं मला पाणी दिलं. आणि मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केलेली नव्हती.

"पर बाई, ते एकोण म्हंजे काय असतंय वो? तुमी शंभरदा लिव्हाय लावलासा, पर सांगिटला न्हाईसा कधी."

खरंच की. कधी सांगितलं होतं मी? तिला नाही, आधीच्या वर्गांना नाही, नंतरच्याही नाही. लिहा, पाठ करा, पुन्हा लिहा. मी स्वतःही तो शब्द कधी उघडून पाहिला नव्हता, त्याच्यापासून पळतच आले होते. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं — एक-ऊन-चाळीस. ऊन म्हणजे उणं. म्हणजे चाळीसला —

"एक कमी," ती म्हणाली.

मग तिनं ती वही स्वतःकडे ओढून घेतली. "म्हंजे मी बरोबरच म्हणत हुते की, बाई!" आणि हसायला लागली, वाकडा दात दिसेपर्यंत. शब्दाचा अर्थ काय, हे तिनं कुणी न सांगता शोधून काढलं होतं आणि शब्द चुकवण्यासाठी तोच अर्थ वापरत होती. मी सांगितलं की मराठीत हे एकोणनव्वदपर्यंत नीट चालतं आणि नव्व्याण्णवला बिघडतं. तर म्हणाली, "मंग तिथं माझी चूक न्हाय."

तिनं गळ्यातला टेप काढला, शेवटचं टोक हातात धरलं. शिंप्याचा टेप साठ इंचांचा असतो, तुम्ही पाहिला असेल. टोकाला पत्र्याची पट्टी, तिच्यापाशी साठ. त्याच्या अलीकडच्या रेघेवर तिनं बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "एकोणसाठ." पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. दुकानात आम्ही दोघीच होतो.

निघताना तिनं एक जुना टेप माझ्या पिशवीत टाकला. आकडे जरा पुसट झालेत, पण वाचता येतात. "शाळेत लावा. पोरास्नी दावा, एक कमी कुठं ऱ्हातंय ते."

तिनं मला माफ केलं का? मी विचारलं नाही. ते तिला विचारायचा मला काय अधिकार?

टेप मी फळ्याच्या वर आडवा ठोकला आहे. मागच्या सोमवारी सहावीला मूळ संख्या घेतल्या. चिठ्ठी नेली नाही. तोंडानं सांगत गेले, अडले की टेपकडे बघत होते. त्रेपन्ननंतर अडले. वर्ग वाट बघत होता. मी फळ्याकडे पाठ केली, मुलांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "थांबा रे. मी कन्नडात मोजते. मराठीत मला पटकन येत नाही." आणि मोठ्यानं मोजलं, ऐवत्तोंबत्तु. मग टेपवर बोट ठेवलं — साठला एक कमी, एकोणसाठ. साठला एक जास्त, एकसष्ट. साठच्या दोन्ही अंगांना एक एक, दोघांत फरक दोनाचा. जोडमूळ.

बावीस वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होते तो हाच होता. काय झालं? दोघं-तिघं हसले. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, माझी आजीबी तसंच मोजती." एकानं विचारलं, "मग भागाकारपण कन्नडात करता?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आणि हातचा?" हातचासुद्धा, मी म्हटलं. वर्ग पुन्हा हसला. एका पोरीनं वहीतला एकसष्ट रबरानं पुसला, टेपकडे पाहिलं आणि एकोणसाठ लिहिला. मग सगळ्यांनी खाली माना घालून पुढचा आकडा लिहायला घेतला. रेणुकाला शनिवारी शाळेत बोलावलं आहे, मुलांना मापं घ्यायला शिकवायला. ती येते म्हणाली. ऋण संख्याही घेते म्हणाली, खडू मात्र रंगीत पाहिजे.

त्या दिवशीही एवढंच झालं असतं. दोघं-तिघं हसले असते, रेणुकानं एक एकसष्ट पुसून एकोणसाठ लिहिला असता, आणि पुढच्या आकड्याला हात वर केला असता. मी फक्त 'हो गं' म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं.